फिरस्ता रॅपर, दारात अडलेला श्रोता

हिमायतनगर म्हटले की मराठी वाचकाला प्रथम नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आठवते. येथे विषय आहे तो हैदराबाद शहरातील हिमायतनगरचा. नारायणगुड्याला लागून असलेली ही वस्ती आज शिकवणी वर्ग, दवाखाने, कपड्यांची दुकाने आणि इडली-कॉफीची उपाहारगृहे यांनी गजबजलेली आहे. पण तिची आणखी एक ओळख आहे. येथील उर्दू हॉलमध्ये मुशायरे आणि साहित्यिक बैठकी भरत आल्या. तेलुगू अकादमी याच भागात आहे. कम्युनिस्ट पक्षाचे राज्य कार्यालय असलेली इमारत 'मख्दूम भवन' या नावाने ओळखली जाते. मख्दूम मोहिउद्दीन हे तेलंगणाच्या सशस्त्र लढ्यातील नेते आणि उर्दूतील मोठे कवी होते. १९६९ मध्ये त्यांचे निधन झाले, त्याच वर्षी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एका राजकीय पक्षाच्या कचेरीला कवीचे नाव असावे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी आढळत नाही.

शब्द पाठ करून, ताल धरून, समोरच्या गर्दीला थेट ऐकवण्याची परंपरा या शहराला नवी नाही, एवढे सांगण्यासाठी ही प्रस्तावना. आज तेच काम रॅपर करतो. फरक असा की मुशायऱ्याचा शायर हिमायतनगरात येत असे आणि रॅपर येथे येत नाही. तो हैदराबादला येतो तेव्हा त्याचा कार्यक्रम शहराच्या पश्चिमेला, ज्युबिली हिल्स, गच्चीबोली किंवा कोंडापूर येथील एखाद्या पबमध्ये असतो. त्याला यूट्यूबवर रात्रंदिवस ऐकणारा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा मात्र हिमायतनगरातील शिकवणी वर्गाच्या बाकावर बसलेला असतो. या दोघांमध्ये बरेच अंतर आहे आणि त्याहून मोठी अडचण दारावर उभी आहे. तेलंगणात मद्यप्राशनाचे किमान वय २१ आहे.

हा तपशील किरकोळ वाटतो, पण स्वतंत्र रॅपरच्या दौऱ्याचे सगळे अर्थकारण त्याच्याभोवती फिरते. स्वतंत्र म्हणजे ज्याच्या पाठीशी मोठी ध्वनिमुद्रण कंपनी नाही, जो गाणे स्वतः लिहितो, स्वतःच्या खर्चाने ध्वनिमुद्रित करतो आणि समाजमाध्यमांवर टाकतो असा कलावंत. त्याला दौऱ्यावर बोलावणारा बहुतेक वेळा पबचा चालक असतो. चालकाचा नफा तिकिटावर ठरत नाही, त्या रात्री किती बिअर खपली यावर ठरतो. म्हणजे रॅपरचे मानधन त्याच्या श्रोत्याच्या पिण्याच्या ऐपतीवर अवलंबून राहते. श्रोता अजून कमावता नाही आणि कायद्याने पिऊही शकत नाही, अशा कलाप्रकारासाठी यापेक्षा विसंगत व्यवस्था शोधून सापडणार नाही.

हैदराबादमध्ये यातून वाट काढण्याचा एक मार्ग होता. दुपारी, मद्य न देता, तरुणांसाठी पबमध्ये कार्यक्रम ठेवायचे. २८ मे २०२२ रोजी ज्युबिली हिल्समधील एका पबमधील अशाच दुपारच्या मेळाव्यानंतर एका अल्पवयीन मुलीवर सामूहिक अत्याचार झाला. प्रकरणाने देश हादरला. पोलिसांनी अल्पवयीनांना प्रवेश देण्याबाबत पबचालकांना कडक ताकीद दिली आणि तो मार्ग जवळजवळ बंद झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तेलंगणा उच्च न्यायालयाने रात्री दहानंतर पबमधील संगीतावर निर्बंध घालणारा अंतरिम आदेश दिला. पुढे तो ज्युबिली हिल्समधील मोजक्या पबपुरता मर्यादित झाला. या दोन्ही निर्णयांमागील कारणे रास्त होती. रहिवाशांना झोप हवी आणि मुली सुरक्षित असायला हव्यात, यावर दुमत होण्याचे कारण नाही. मात्र पबचे दार बंद करताना दुसरे दार उघडले गेले नाही. तरुणांच्या संगीताला पबखेरीज जागा कोणती, हा प्रश्न कोणाच्याही पटलावर आला नाही.

बंजारा हिल्समधील 'लामकान' हा सन्माननीय अपवाद. २०१० पासून चालणाऱ्या या खुल्या सांस्कृतिक जागेत मद्य नसते. चहा-समोसा मिळतो आणि कोणालाही कार्यक्रम करता येतो. पण सत्तर लाखांहून मोठ्या शहराला एक लामकान पुरत नाही.

हैदराबादी रॅपचा विचार मराठी माणसाने आपुलकीने करावा, याला भाषेचे कारणही आहे. तेथील रॅपर ज्या दखनीत बोलतो तिच्यात मराठीचा अंश उघड दिसतो. 'नको'चे 'नक्को' आणि जोर देण्यासाठी शब्दाला जोडलेला 'च' हे दोन्ही दखनीने मराठीकडून घेतले. उत्तरेकडील हिंदी भाषकाला हा 'च' खटकतो, आपल्याला मात्र त्यात घरचा स्वर ऐकू येतो. २०१९ च्या सुमारास रुहान अर्शद या हैदराबादी तरुणाचे 'मियां भाई' हे दखनी बाजाचे गाणे कोट्यवधी लोकांनी पाहिले. लग्नाच्या वरातींपासून रिक्षांपर्यंत ते वाजले. कोणत्याही मोठ्या कंपनीच्या आधाराविना एक बोलीभाषा देशभर पोहोचली. २०२२ मध्ये रुहानने धार्मिक कारण देऊन संगीतक्षेत्र सोडत असल्याचे जाहीर केले. तो त्याच्या श्रद्धेचा निर्णय होता आणि त्यावर भाष्य करण्याचे कारण नाही. लक्षात घ्यायचे ते एवढेच की मागे संस्था उभी राहिलेली नव्हती. कलावंत बाजूला झाला आणि त्याने उघडलेली वाटही ओस पडली. नाटक कंपनीतून नट गेला तर दुसरा उभा राहतो. स्वतंत्र रॅपर म्हणजे एकट्या माणसाची कंपनी, तिला वारस नसतो.

मराठीतील चित्र याहून वेगळे आहे, पण फार वेगळे नाही. मुंबईतील 'स्वदेसी' हा गट एकाच मंचावरून मराठी, हिंदी, गुजराती अशा भाषांत रॅप करत आला. २०१९ मध्ये त्यांनी आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांच्यासह आरेच्या जंगलावर 'द वारली रिव्होल्ट' केले, २०२० मध्ये 'चेतावनी' हा अल्बम आणला. गटातील गुजराती रॅपर एमसी तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, २० मार्च २०२२ रोजी वयाच्या अवघ्या २४ व्या वर्षी गेला. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर '१०० आरबीएच' या नावाने ओळखला जातो. २०२३ मध्ये एमटीव्हीच्या 'हसल' या स्पर्धेच्या तिसऱ्या हंगामातून तो देशासमोर आला आणि वऱ्हाडी मराठीत सामाजिक विषमतेबद्दल बोलणारा आवाज हिंदी प्रेक्षकांनी कान देऊन ऐकला. मूळचा गोव्याचा त्सुमयोकी इंग्रजी-हिंदीत रॅप करतो. 'गली बॉय' या चित्रपटाच्या प्रेरणास्थानांपैकी एक असलेल्या डिव्हाईनने २०१९ मध्ये स्थापन केलेल्या मुंबईच्या 'गली गँग'शी तो जोडला गेला. गोव्यातून निघून मुंबईचा आधार घेतल्याखेरीज देशभर फिरता येत नाही, हे गोव्यातील नाट्यकलावंतांना आणि गायकांना तीन पिढ्यांपासून ठाऊक आहे. रॅपरला ते आता कळते आहे.

दौऱ्याचा हिशेब कागदावर मांडला की विषय स्पष्ट होतो. समजा, मुंबईचा एक मराठी रॅपर शुक्रवारी पुणे, शनिवारी हैदराबाद आणि रविवारी बेंगळुरू असा तीन शहरांचा दौरा ठरवतो. नाव थोडेफार झाले आहे, म्हणून पुण्यात २० हजार आणि पुढील दोन शहरांत प्रत्येकी २५ हजार रुपयांची सुपारी मिळते. तमाशाच्या फडातला हा शब्द पबच्या व्यवहारातही जसाच्या तसा चालतो. एकूण ७० हजार रुपये. सोबत डीजे आणि चित्रीकरण करणारा मित्र आहे. चित्रीकरण ही चैन नव्हे. कार्यक्रमाची छोटी चित्रफीत समाजमाध्यमांवर गेली नाही तर पुढची सुपारी येत नाही.

डीजेला एका कार्यक्रमाचे पाच हजार म्हणजे १५ हजार. चित्रीकरणाचे तीन हजारांप्रमाणे नऊ हजार. तिघांचा प्रवास, चार टप्पे, प्रत्येकी दीड हजार धरले तर १८ हजार. काही रात्री बसमध्येच गेल्या तरी दोन रात्री दोन खोल्या लागतात, त्याचे ७ हजार २००. चार दिवसांचे तिघांचे जेवणखाण काटकसरीने तेवढेच. विमानतळ नसला तरी बसथांबा ते पब आणि पब ते लॉज अशी टॅक्सी आहेच, साडेचार हजार. कार्यक्रम मिळवून देणाऱ्या मध्यस्थाचे पंधरा टक्के म्हणजे साडेदहा हजार. बेरीज ७१ हजार ४०० होते. तीन शहरांत तीन रात्री घसा फोडून रॅपर १ हजार ४०० रुपये पदरचे घालून घरी परततो. टी-शर्ट विकले गेले तर तो तोटा भरून निघतो. यात गाणे तयार करण्याचा खर्च धरलेला नाही, आणि एखादा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला तर काय, हेही नाही. आकडे उदाहरणादाखल आहेत. एखाद्याला मानधन अधिक मिळेल, एखाद्याला नुसत्या जेवणावर गावे लागेल. पण त्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण याहून फार निराळे असण्याची शक्यता नाही.

मग हे लोक फिरतात कशासाठी? घरबसल्या गाणी ऐकवून पैसे मिळत नाहीत, म्हणून. स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केला की बारा महिन्यांत एक हजार वेळा ऐकले गेले नाही तर त्या गाण्याला काहीच रक्कम द्यायची नाही. ज्यांची गाणी लाखोंनी ऐकली जातात त्यांनाही त्यातून महिन्याचे घरभाडे सुटेल याची शाश्वती नसते. गीतकार-संगीतकारांच्या वतीने स्वामित्वधन गोळा करणारी 'आयपीआरएस' ही संस्था १९६९ पासून आहे आणि २०१२ च्या कायदादुरुस्तीने गीतकारांचा हक्क अधिक बळकट केला. तथापि जो सभासद नाही त्याला तेथून छदामही मिळत नाही, आणि कागदपत्रांचा कंटाळा हा कलावंतांचा जुना रोग आहे. राहता राहिला मंच. तेथे निदान श्रोता डोळ्यांसमोर असतो.

कररचनेतील एक बारकावा येथे नोंदवण्याजोगा आहे. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार संगीत, नृत्य वा नाट्य यांतील लोककला किंवा अभिजात कला सादर करणाऱ्या कलावंताला दीड लाख रुपयांपर्यंतच्या मानधनावर सूट आहे. गोंधळी, कीर्तनकार, ख्यालगायक यात बसतात. रॅपर कोठे बसतो? अभिजात तो नाही, आणि लोककला म्हणावी तर कायद्याला पन्नास वर्षांचा इतिहास लोककलेसाठी पुरेसा वाटत नसावा. हिपहॉपचा जन्म १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात झाला असे मानतात. छोट्या रॅपरची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असल्याने त्याला नोंदणीच करावी लागत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष झळ बसत नाही. पण शासन कोणाला कलावंत समजते, हे अशा सुटींच्या यादीतूनच कळते. पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटावर कर नाही, ही सवलत मात्र सर्वांना आहे. लहान कार्यक्रमांचे तिकीट ४९९ रुपयांवर अडते ते केवळ ग्राहकाला स्वस्त भासावे म्हणून नव्हे.

श्रमसंहितांची अंमलबजावणी २१ नोव्हेंबर २०२५ पासून सुरू झाली आणि 'गिग' कामगार हा शब्द कायद्याच्या पुस्तकात प्रत्यक्ष उतरला. गंमत अशी की हा शब्द मुळात वादकांचा. एका रात्रीच्या कामाला जॅझ वादक गिग म्हणत. कायद्यातील व्याख्या इतकी व्यापक आहे की रॅपर तीत बसूही शकेल. पण सामाजिक सुरक्षेचा निधी ज्यांच्या वर्गणीतून उभा राहायचा आहे ते मंचचालक म्हणजे जेवण पोहोचवणाऱ्या वा टॅक्सी पुरवणाऱ्यांसारख्या कंपन्या. एका रात्रीपुरता बोलावणारा पबचालक त्यात येत नाही.

पैशांची कमतरता हे एक दुखणे. दुसरे दुखणे शब्दांचे आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिलजीत दोसांझ याच्या हैदराबादमधील कार्यक्रमापूर्वी तेलंगणा शासनाच्या यंत्रणेने त्याला नोटीस दिली. मद्य, अमली पदार्थ आणि हिंसा यांचे उदात्तीकरण करणारी गाणी म्हणू नयेत, लहान मुलांना मंचावर आणू नये, असे तीत म्हटले होते. दिलजीतने शब्द बदलून गाणी म्हटली, पुढील कार्यक्रमांत नोटिशीचा समाचारही घेतला. त्याच्यामागे वकील होते, व्यवस्थापक होते आणि मैदान भरून श्रोते होते. अशीच नोटीस शंभर माणसांच्या कार्यक्रमाला आली असती तर रॅपरने शब्द बदलले नसते. पबचालकानेच कार्यक्रम रद्द केला असता. मोठ्या कलावंताला सेन्सॉरची कात्री लागते, लहान कलावंतापर्यंत ती पोहोचतच नाही, त्याच्यासाठी दारच उघडत नाही.

महाराष्ट्राचा अनुभव आणखी कडू आहे. एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरचा राज मुंगासे आणि मुंबईचा उमेश खाडे या दोन तरुण रॅपरांवर सत्ताधाऱ्यांवरील टीकेच्या गाण्यांवरून गुन्हे नोंदवले गेले. दोन्ही गाण्यांची भाषा सभ्य नव्हती, हे मान्य करावे लागेल. पण शाहिरीची, लावणीच्या सवालजवाबाची आणि तियात्रातील कांतारांची भाषा तरी कधी पूर्ण सभ्य होती? गोव्यात मुख्यमंत्र्यांपासून पंचापर्यंत प्रत्येकाला तियात्राच्या मंचावरून खडे बोल ऐकावे लागले आहेत. राग येतो, वाद होतात, पण कांतार संपल्यावर लोक टाळ्या वाजवतात. रॅपरकडे तियात्रिस्तासारखे समाजाचे कवच नाही. तो परक्या शहरात एकटा असतो.

येथे गोव्याच्या वाचकाला एक तुलना सुचेल. १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत 'इटालियन भुरगो' रंगमंचावर आले तेव्हापासून तियात्र फिरतेच आहे. ते टिकले, कारण त्याचा ग्राहक थेट तिकीट काढणारा आहे. कंत्राटदार ठरलेल्या रकमेला प्रयोग विकत घेतो, तिकिटे विकतो, नफा-तोटा त्याचा. दिग्दर्शकाला प्रयोगाआधीच आपली रक्कम ठाऊक असते. प्रेक्षकांत आजी असते, नातू असतो आणि कोणाला वयाचा दाखला मागितला जात नाही. जत्रेतील मराठी नाटकांचे आणि दशावताराचेही तसेच. नारायणगावला यात्रांच्या हंगामापूर्वी तमाशाच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच तेथे येऊन सुपारी देतात. हे सगळे व्यवहार घासाघिशीचे असतात, फसवणूकही होते, पण खेळासाठी पैसे द्यायचे हे तत्त्व त्यात पक्के आहे. पबच्या अर्थकारणात खेळ हा बिअरला तोंडी लावणे असतो.

अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले. तेलंगणात गदर यांनी गावोगाव फिरून जनतेची गाणी म्हटली. ६ ऑगस्ट २०२३ रोजी ते गेले तेव्हा ज्या शासनसंस्थेशी ते आयुष्यभर भांडले तिनेच त्यांना शासकीय इतमामाने निरोप दिला. या मंडळींच्या दौऱ्याचा खर्च चळवळ उचलत असे. मुक्काम कार्यकर्त्याच्या घरी, जेवण गावाच्या पंगतीत. तेलंगणा राज्य झाल्यावर तेथील शासनाने 'तेलंगणा सांस्कृतिक सारथी' स्थापन करून साडेपाचशे लोककलावंतांना पगारावर घेतले. चळवळीतील गायकांना त्यामुळे घर चालवता आले. मात्र शासनाच्या योजनांचा प्रचार गाणारा कलावंत शासनाविरुद्ध काय गाणार, ही टीकाही तेव्हापासून होत आली आणि ती अनाठायी नाही. चळवळ, शासन आणि पब या तिन्ही यजमानांनी कलावंताला जेऊ घातले, तिघांनीही आपापली किंमत वसूल केली. त्यातल्या त्यात पबची किंमत सर्वांत विचित्र आहे. तो रॅपरला काय म्हणायचे हे सांगत नाही, पण कोणी ऐकायचे हे ठरवून टाकतो.

२८ जानेवारी २०२५ रोजी भुवनेश्वर येथे पंतप्रधानांनी कोल्डप्लेच्या मुंबई-अहमदाबादमधील कार्यक्रमांचा दाखला देऊन 'कॉन्सर्ट इकॉनॉमी'चा उल्लेख केला. राज्यांनी मोठ्या कार्यक्रमांसाठी सुविधा उभाराव्यात असे आवाहन केले. त्यानंतर प्रत्येक राज्य मैदानांचा आणि पंचतारांकित खोल्यांचा हिशेब मांडू लागले. पण मैदान भरणारा कलावंत आकाशातून पडत नाही. जुलै २०२४ मध्ये 'बिग डॉग्ज' या गाण्याने जगभर गाजलेला आणि एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतील कोचेला महोत्सवात चेंड्याच्या साथीने उभा राहिलेला हनुमानकाइंड, म्हणजे केरळचा सूरज चेरुकाट, त्याआधी कित्येक वर्षे बेंगळुरूच्या आणि अन्य शहरांच्या लहान मंचांवर गात होता. त्याच्या 'रन इट अप'च्या चित्रफितीत महाराष्ट्रातील मर्दानी खेळ दिसला, त्याचा मराठी माणसाला आनंद झाला आणि 'मन की बात'मध्येही तिचा उल्लेख झाला. त्याला घडवणाऱ्या त्या लहान जागांचा उल्लेख मात्र कोणत्याच भाषणात आला नाही.

ब्रिटनने हा धडा तोटा सोसून घेतला. तेथील 'म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट'च्या नोंदीनुसार एकट्या २०२३ मध्ये १२५ लहान संगीतस्थळांतील कार्यक्रम बंद पडले. २०२४ मध्ये तेथील संसदीय समितीने मोठ्या मैदानांतील तिकिटांवर ऐच्छिक अधिभार घेऊन तो लहान जागांना द्यावा, अशी शिफारस केली. कोल्डप्लेने २०२५ मधील आपल्या ब्रिटनमधील मैदानी कार्यक्रमांच्या उत्पन्नातील दहा टक्के या कामाला देण्याचे जाहीर केले. भारतात त्याच कोल्डप्लेच्या कार्यक्रमांनी 'कॉन्सर्ट इकॉनॉमी' हा शब्द रूढ केला, पण दहा टक्क्यांची कल्पना येथे उतरली नाही. फ्रान्समध्ये संगीत कार्यक्रमांच्या तिकिटावर साडेतीन टक्के कर आहे आणि तो राष्ट्रीय संगीत केंद्रामार्फत पुन्हा संगीताकडेच वळतो. ही उदाहरणे श्रीमंत देशांची आहेत, हा आक्षेप खरा. पण पैसा संगीतातूनच घ्यायचा आणि संगीतालाच द्यायचा, याला तिजोरी लागत नाही, नियम लागतो.

गोव्याला या सगळ्यातून घेण्यासारखे काय आहे, याचा विचार करताना भूमी घसरडी आहे हे ध्यानात ठेवावे लागते. २००७ पासून गोव्याशी जोडलेला सनबर्न महोत्सव २०२५ मध्ये मुंबईला गेला. त्याच्या जाण्याने सुटकेचा निःश्वास टाकणारे गोमंतकीय थोडे नव्हते. धारगळच्या ग्रामस्थांचा २०२४ मधील विरोध आठवणाऱ्यांना त्याचे कारणही ठाऊक आहे. ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री हडफडे येथील नाइट क्लबला आग लागून २५ जणांचा बळी गेला. त्यानंतर परवाने आणि अग्निसुरक्षा यांची झाडाझडती सुरू झाली, जी फार आधी व्हायला हवी होती. संगीत म्हणजे किनाऱ्यावरचा धांगडधिंगा, मद्य आणि अपघात, असे समीकरण सामान्य माणसाच्या मनात घट्ट झाले असेल तर त्याला दोष देता येत नाही. मात्र किनारपट्टीवरील क्लब हीच जर गोव्यातील एकमेव संगीतभूमी राहिली, तर डिचोलीच्या किंवा केप्याच्या मराठी-कोकणी रॅपरला गाण्यासाठी एकतर कळंगुटला पर्यटकांसमोर उभे राहावे लागेल किंवा घरी बसावे लागेल. गोव्यात मद्याचे किमान वय १८ आहे, म्हणून हैदराबादहून परिस्थिती सोपी, असे वरवर दिसते. पण साखळीचा दहावीतला मुलगा हडफड्याच्या क्लबमध्ये जाणार नाही, आणि जाऊही नये.

हैदराबादकडे रवींद्र भारती आहे, टागोरांच्या जन्मशताब्दीच्या काळात उभे राहिलेले, हिमायतनगरपासून हाकेच्या नव्हे पण रिक्षाच्या अंतरावर. गोव्याकडे मडगाव, कुडचडे, साखळी, बायणा येथे रवींद्र भवने आहेत. दोन्हीकडे आसने आहेत, ध्वनियंत्रणा आहे, अग्निशमनाची सोय असणे बंधनकारक आहे आणि मद्य नाही. रात्री दहाच्या ध्वनिनियमाचा प्रश्न बंदिस्त सभागृहात दुपारी चार वाजता उद्भवत नाही. महिन्यातून एका रविवारी दुपारी, शंभर-दीडशे रुपयांच्या तिकिटावर, तियात्राच्या कंत्राटी पद्धतीने रॅपचा कार्यक्रम लावला, तर रॅपरला आपली रक्कम आधी कळेल आणि दहावीतल्या मुलाला आईबरोबर येता येईल. आई आली तर शिव्या कमी होतील, ही एक उपपत्ती. ती खरी ठरेलच असे नाही. कांतार ऐकायलाही आया जातातच.

या सूचनेतील अडचणीही आहेत. सभागृहाचे भाडे, सुरक्षारक्षक, साफसफाई यांचा खर्च तिकिटातून निघेल का, हे पहिल्या सहा महिन्यांत कळणार नाही. रॅपचे श्रोते खुर्चीत बसून ऐकत नाहीत, उभे राहतात, उड्या मारतात. भवनांची लाल मखमली आसने त्यासाठी बनलेली नाहीत. गाण्यात सत्तेवर टीका आली तर शासकीय सभागृहाचा व्यवस्थापक पुढची तारीख देईल का, हा प्रश्न सर्वांत अवघड. तियात्राला ती तारीख मिळते, कारण न दिल्यास हजारो मतदार विचारायला येतात.

ऑक्टोबर २०२४ पासून सिकंदराबाद आणि वास्को यांच्यामध्ये आठवड्यातून दोनदा थेट रेल्वेगाडी धावते. हैदराबादचा दखनी रॅपर एका रात्रीच्या प्रवासाने गोव्यात पोहोचू शकतो, गोव्याचा तेथे जाऊ शकतो, विमानाच्या एका अंशभर खर्चात. वरच्या हिशेबातील प्रवासाचा आकडा त्यामुळे खाली येतो. सध्या या गाडीने उतरणाऱ्या रॅपरला टॅक्सी करून किनाऱ्याकडेच जावे लागते. बायण्याचे रवींद्र भवन वास्को स्थानकापासून जवळ आहे.